लाकडी वाड्यांची गळती

पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला व ती आग कित्येक दिवस धुमसत होती, ही गोष्ट शाळेंतील मुलासही ठाऊक असते. आगीला इतिहासकार मिळतो. तिला तारीख असते, पाहणारे असतात, आणि तिच्या ज्वाळांचें वर्णन करावयास लेखणीलाही हुरूप येतो. पाण्याचें तसें नाहीं. ज्येष्ठांत आढ्याखालीं एक थेंब उतरतो, वाशावरून सरकत भिंतींत शिरतो, पुढल्या वर्षीं त्याच वाटेनें दुसरा येतो, आणि तीस-चाळीस वर्षांनीं एके दिवशीं तुळईचें टोंक भिंतींतून निसटतें. मग लोक म्हणतात, ‘वाडा जुनाच झाला होता.’ कोंकणपट्टींतील जेवढे लाकडी वाडे आगीनें गेले, त्यांहून कितीतरी अधिक अशा बिनतारखेच्या पाण्यानें गेले, असें आम्हांस वाटतें. त्यांची हकीकत सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. गेल्या वर्षीं तिला निमित्त घडलें.

ठाण्यांतील टेंभी नाक्याजवळच्या ज्या वाड्यांत आमच्या आजोबांनीं बिऱ्हाड थाटलें व जेथें आमचें बालपण गेलें, तो वाडा धोकादायक ठरला. पावसाळा तोंडावर आला कीं अशा इमारतींची यादी दर वर्षीं प्रसिद्ध होते, तींत त्याचा क्रमांक लागला. सहा बिऱ्हाडें, त्यांतील दोन घरांत केवळ वृद्ध माणसें. एक पक्ष म्हणे, पाडून टाकूं व नव्या इमारतींत खोल्या घेऊं. दुसरा म्हणे, गळती काढली तर वाडा अजून आपणां सर्वांना पुरून उरेल. चौकांत बैठक भरली. आमच्या लहानपणापासून आम्हांस ओळखणाऱ्या एका काकूंनीं आमच्याकडे वळून विचारलें, ‘‘तूं कॉलेजांत इतिहास शिकवतोस ना? मग तूंच सांग, हें घर टिकेल का?’’ इतिहासाच्या प्राध्यापकाला कौलांतलें काय कळतें, असा प्रश्न तेथें कोणालाही सुचला नाहीं. आम्हांसही तो दुसऱ्या दिवशीं सुचला.

आज टेंभी नाका म्हटला म्हणजे नवरात्राचा उत्सव व दर्शनाची रांग डोळ्यांपुढें येते. पण ही वस्ती पुष्कळ जुन्या थरांची आहे. पारशांची अग्यारी येथें आहे. बेने इस्रायलांचें ‘शआर हाशामाइम’ हें १८७९ सालचें प्रार्थनामंदिर येथेंच आहे. कौपिनेश्वर व मासुंदा तलाव फार दूर नाहींत. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं ठाणें घेतलें, १७३७ त मराठ्यांनीं तें परत मिळविलें, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतलें, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी २१ मैल धांवून येथें थांबली. पोर्तुगीज दोनशें वर्षें राहिले व गेले. त्यांच्या वाड्यांपैकीं फारसें कांहीं उरलें नाहीं. परंतु आमच्या माजघरांत कौल गळूं लागलें म्हणजे खालीं जी बालदी ठेवीत ती त्यांची, तिला पूर आला म्हणजे जें घमेलें आणीत तें त्यांचें, अंगणांतील पिंप त्यांचें, आणि गळती काढावयास ज्याला बोलावीत तो मेस्त्रीही त्यांचाच. हे चारही शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपणांकडे आले आहेत. किल्ला परत घेतां येतो, बालदी परत करतां येत नाहीं.

असो. लाकडी घर म्हटलें म्हणजे इंग्रजी पुस्तकें वाचलेल्या मनुष्याला अमेरिकेंतील ओंडक्यांचें घर आठवतें. ती विद्या मूळची उत्तर युरोपची. १६३८ पासून डेलावेअर नदीच्या कांठीं वसाहत करणाऱ्या स्वीडिश लोकांनीं ती अमेरिकेंत नेली असें सामान्यतः मानतात. त्या घरांत ओंडके आडवे, एकावर एक रचून कोपऱ्यांत खांचे पाडून परस्परांत गुंतवितात, आणि मधल्या फटींत शेवाळ ठोकून बसवितात. आतां लाकडाचा स्वभाव असा, कीं वाळतांना तें लांबींत जवळजवळ आटत नाहीं, आडव्या अंगानें मात्र बरेंच आटतें. त्यामुळें आडव्या ओंडक्यांची भिंत पहिल्या कांहीं वर्षांत कित्येक इंच खालीं बसते. शेवाळ सैल होतें, ओंडक्यांच्या पाठीवर चिरा पडतात, आणि चीर आकाशाकडे तोंड करून असली कीं तींत पाणी साठतें. म्हणून तेथील जाणता सुतार खिडकीच्या माथ्यावर मुद्दाम जागा सोडतो व छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढें काढतो. त्या देशांत गळती शोधावयाची ती प्रथम भिंतींत.

आमच्या वाड्याचें लाकूड उभें आहे. दगडी जोतें, त्यावर दगडी उथळे, उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि सर्वांवर वासे व रिपा. विटांची अगर कुडाची भिंत ही केवळ अंतर भरण्यापुरती. खांब उंचींत आटत नाहीं, म्हणून शंभर-सव्वाशें वर्षांचा वाडाही आपली उंची सोडीत नाहीं. आमचें घर गळतें तें डोक्यांतून, आणि कुजतें तें पायांतून. उथळ्याचें महत्त्व नॉर्वेंतील जुन्या लाकडी देवळांवरून चांगलें समजतें. तेथें आरंभीं खांब जमिनींत पुरून देवळें बांधीत; त्यांतील एकही उभें राहिलें नाहीं, बुडख्याशीं कुजून सगळीं गेलीं. पुढें दगडावर आडवें लाकूड ठेवून त्यावर खांब उभारण्याची रीत निघाली, आणि तशा रीतीचें बोर्गुंडचें देऊळ बाराव्या शतकापासून आज आठशें वर्षांवर उभें आहे. तेथेंही पाऊस आहे, बर्फही आहे. जमिनीच्या ओलीपासून खांबाचा पाय वीतभर वर उचलला, एवढ्यावर हा फरक पडला.

लाकूड कोणतें हाही प्रश्न आहेच. ठाणें जिल्ह्याच्या जंगलांत साग, ऐन, खैर, शिसव ही संपत्ति भरपूर होती, आणि वसईच्या बाजूचें इमारती लाकूड पोर्तुगीजांच्या काळापासून प्रसिद्ध होतें. सागाचा गाभा तेलकट असतो, त्याला वाळवी सहसा शिवत नाहीं. पण गाभ्याभोंवतालचा फिकट भाग इतर लाकडांसारखाच नाशवंत. १८४७ सालीं डॉ. गिब्सन हे मुंबई इलाख्याचे जंगलांचे पहिले रक्षक नेमले गेले. नंतर १८६५ व १८७८ चे जंगलचे कायदे आले. या कायद्यांनीं जंगल किती वांचलें हा वाद निराळा, पण सागवान सामान्य गृहस्थाच्या हातून हळूहळू दूर गेलें. आमच्या वाड्यांत याचा पुरावा डोळ्यांनीं दिसतो. पुढल्या सोप्याचे खांब एकसंध गाभ्याचे आहेत. मागें नंतर जोडलेल्या पडवीच्या वाशांना फिकट कड आहे, आणि बरोबर तेवढीच कड भुग्याची झाली आहे.

आतां छपराकडे वळूं. पेंढ्याचें व ताडामाडाच्या झावळ्यांचें छप्पर स्वस्त, हलकें व थंड. परंतु उन्हाळ्यांत तें पेटे व पावसाळ्यांत कुजे. ज्याच्याजवळ चार पैसे असत तो नळीचीं कौलें घाली. कुंभार चाकावर मातीची नळी काढी, ती उभी कापून दोन कौलें करी. एक ओळ उताणी, तिच्या दोन कडांवर दुसरी पालथी, अशीं हीं कौलें रिपांवर नुसतीं मांडलेलीं असत. त्यांना खिळा नाहीं, खांच नाहीं. एकमेकांच्या भारावर राहावयाचें. मांजर धांवलें, माकड उतरलें, शेजारच्या आंब्याची कैरी पडली, कीं ओळ सरकली. म्हणून दर वर्षीं वैशाखांत शाकारणी ठरलेली. सगळीं कौलें उतरवावयाचीं, शेवाळ खरवडावयाचें, फुटकीं टाकून नवीं भरावयाचीं. पापड-कुरडयांबरोबर, आंब्याच्या लोणच्याबरोबर शाकारणी हाही घराचा एक वार्षिक संस्कार होता. गळती हा त्या काळीं रोग नव्हता. भुकेसारखी ती वर्षांतून एकदां लागे व एकदां भागे.

हा क्रम मोडला तो मंगलोरी कौलानें. १८४१ सालीं आल्सेस प्रांतांतील आल्टकिर्च गांवच्या गिलार्दोनी बंधूंनीं परस्परांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचें पेटंट घेतलें. इकडे बाझेल मिशनचे जर्मन व स्विस पाद्री १८३४ पासून मंगळुरांत होते. जे लोक ख्रिस्ती झाले त्यांचें जातीबरोबर पोटही सुटलें; त्यांना धंदा लावून देण्यासाठीं मिशननें विणकामाचे माग व इतर उद्योग काढले. जॉर्ज प्लेब्स्ट याच्या खटपटीनें १८६५ सालीं जेप्पू येथें कौलांचा कारखाना निघाला. माती नदीकांठची, युक्ति युरोपची, आणि पाऊस आपला, असा हा संगम. त्या कौलाच्या पाठीला नाक असतें तें रिपेला अडकतें; कडेला खांच असते तींत शेजारच्या कौलाची कड बसते. चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलें पुरतात, भार निम्म्यावर येतो, आणि मांजराच्या धांवण्यानें तीं सरकत नाहींत. गलबतांतून व पुढें आगगाडींतून हें कौल सर्व कोंकणांत पसरलें.

येथें एक विषयांतर करावेसें वाटतें. मिशनच्या कौलांवर कारखान्याच्या नांवाबरोबर १८६५ हा आंकडा उठविलेला असतो. आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं हा आंकडा पाहून वाड्याचें छप्पर १८६५ सालचें ठरविलें व तसें एका व्याख्यानांत सांगितलें. वस्तुतः तो कारखाना निघाल्याचा सन होय. चाळीस वर्षांनंतरच्या कौलावरही तोच. पहिल्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें मिशनचे कारखाने ताब्यांत घेतले व नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून ज्या कौलावर ‘कॉमनवेल्थ’ हें नांव आहे तें युद्धानंतरचें, एवढें मात्र निश्चयानें म्हणतां येतें. आमच्या वाड्याच्या पुढल्या पाख्यावर मिशनचीं कौलें आहेत, मागल्या पाख्यावर कॉमनवेल्थचीं, आणि मध्यें ठिकठिकाणीं निरनिराळ्या कारखान्यांचीं ठिगळें. ही सरमिसळच गळतीचें एक मूळ आहे. दोन कारखान्यांच्या सांच्यांत सुतभर फरक असला तरी खांचेंत कड बसत नाहीं, आणि पावसाला सुतभर वाट पुष्कळ झाली.

मंगलोरी कौलानें दर वर्षाची शाकारणी अनावश्यक केली असा लोकांनीं समज करून घेतला. तोच घातक झाला. ठाण्याला वर्षाकांठीं सुमारे १०० इंच पाऊस पडतो, व तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लंडनला बारा महिन्यांत मिळून २४ इंचांच्या आसपास. आपणांकडे आढ्याचें पाणी वळचणीला जातें अशी म्हण आहे. पण नैर्ऋत्येची झड जोरानें लागली कीं कौलाखालच्या सांध्यांत वारा पाण्याला उलटें वर ढकलतो. छपराचा उतार कमी असेल किंवा खांचेंत धूळ व शेवाळ सांचलें असेल, तर वळचणीचें पाणी आढ्याच्या दिशेनें चढतें. म्हणून शाकारणी गेली तरी खांची साफ करणें गेलें नव्हतें. तें कोणी केलें नाहीं.

कां केलें नाहीं याचें उत्तर आम्हांस आजोबांच्या रोजमेळाच्या वह्यांत सांपडलें. आजोबा कचेरींत कारकून, हिशेबाला कडक. पहिल्या वह्यांत शाकारणीचा खर्च नाहीं, कारण तो मालकाचा. फक्त ‘कौलवाल्यांस चहा’ अशी नोंद वैशाखांत येते. १९४७ सालीं मुंबईचा भाडेनियंत्रणाचा कायदा झाला व भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधलें गेलें. युद्धानंतरच्या महागाईंत गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊं नये हा त्याचा हेतु योग्यच होता, आणि त्याच्याच छायेंत आमचे वडील शिकले हें आम्ही विसरत नाहीं. परंतु भाडें थांबलें आणि चुना, कौलें व मजुरी थांबली नाहींत. वह्यांत प्रथम चहाची नोंद नाहींशी होते. मग ‘मालकांस गळतीविषयीं सांगितलें’ अशा ओळी येतात. पुढें ‘बालदी एक’. त्यापुढें ‘डांबर व गोणपाट’, आणि अखेर ‘प्लॅस्टिकचा कागद’. मधल्या दोन वर्षांचीं पानें वाचतां येत नाहींत. वह्या ठेवलेल्या फडताळावरच गळती लागून शाई पसरली आहे.

मालकांना आम्ही दोष देत नाहीं. ११ रुपये भाड्यांत कोण कौलें फिरवील? आणि बिऱ्हाडकरूंना तरी कसा द्यावा? दुसऱ्याच्या घरावर स्वतःचा पैसा कोण घालील? १९६९ च्या कायद्यानें मुंबई बेटावरील जुन्या इमारतींसाठीं उपकर बसवून दुरुस्तीचें मंडळ स्थापन केलें, पण ठाणें त्याच्या बाहेर राहिलें. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हीं गोठलेलीं भाडीं आतां न्याय्य राहिलीं नाहींत असें मत दिलें. मग ३१ मार्च २००० पासून नवा कायदा अमलांत आला व त्यानें वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. अकरा रुपयांचे ४ टक्के किती होतात हें वाचकांनीं करून पाहावें.

बैठकीनंतर आम्ही एका वृद्ध मेस्त्रींस घेऊन माळ्यावर चढलों. बरोबर विजेरी होती. मेस्त्रींनीं ती प्रथम विझवावयास लावली. ‘‘सर, अंधारांत भोंक आपणहून दिसतं,’’ ते म्हणाले. खरोखरच डोळे स्थिरावल्यावर काळोखांत सात-आठ ठिकाणीं दिवस चमकूं लागला. परंतु काकूंच्या स्वयंपाकघरांत जेथें वर्षानुवर्षें पाणी ठिबकतें त्याच्या माथ्यावर एकही उजेड दिसेना. मेस्त्री म्हणाले, ‘‘थेंब पडतो तिथं भोंक नसतं. पाणी वाशाला धरून चालतं, गांठ लागली कीं पडतं.’’ वाशावर काळसर पट्टा होता. त्याला बोट लावून ते उताराच्या उलट दिशेनें चढत गेले. पट्टा सात-आठ हात वर जाऊन भिंतीपाशीं संपला.

मग परीक्षा झाली. एक मुलगा शिडीवरून छपराच्या कडेला, आम्ही माळ्यावर. मेस्त्रींनीं बजावलें, पाणी खालच्या ओळीवर आधीं ओतावयाचें, मग तिच्या वरच्या, अशी एकेक ओळ चढावयाची. वरून एकदम ओतलें तर सगळेंच ओलें होतें व चोर सांपडत नाहीं. न्यायशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनीं ही पद्धत पाहावयास हवी होती. चार ओळी कोरड्या गेल्या. पांचव्या तांब्याला वाशावर एक चकचकीत रेघ उतरली.

जागा कौलांत नव्हतीच. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं कोणीं तरी मागल्या बाजूस सिमेंटची मोरी बांधून तिची भिंत छपराला भिडविली होती, आणि सांध्यावर सिमेंटचा जाड लेप दिला होता. लाकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आटतें; सिमेंट हलत नाहीं. पहिल्याच वर्षीं दोहोंमध्यें केसासारखी फट पडली असावी. जुने लोक अशा ठिकाणीं चुना वापरीत, त्यांत गूळ व हिरडा घालीत. तो चुना थोडा लवतो, आणि आंत शिरलेली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ओलीला आंत घेतें व कोंडून ठेवतें. मेस्त्रींनीं दाभण काढून भिंतींतल्या खांबाला टोंचलें. खांद्याच्या उंचीवर तें टोंक आंत गेलें नाहीं, लाकडानें खणखणीत जबाब दिला. बुडख्याशीं मात्र दाभण मुठीपर्यंत शिरलें. वरचें पाणी भिंतींतून उतरून उथळ्यावर सांचत होतें, आणि खांब बाहेरून रंगविलेला, आंतून ओल्या भुशाचा झाला होता.

आम्हीं बैठकींत जें पाहिलें तें सांगितलें. चोवीसांपैकीं तीन खांब पायाशीं गेले आहेत; कुजका भाग कापून खालीं नवा सागवानी तुकडा सांधतां येतो, तोंवर तुळईला टेकू द्यावा लागेल. सिमेंटचा लेप काढून सांध्यावर पत्र्याची पन्हळ बसवावी. कौलें उतरवून धुवावीं व एकेका कारखान्याचीं एकेका पाख्यावर लावावीं. हें ऐकून दोन्ही पक्षांना आनंद झाला. ठेवणारे म्हणाले, तीनच खांब! पाडणारे म्हणाले, तीन खांब!

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यानें निवाडा देऊं नये असें म्हणतात, पण काकूंनीं विचारलेल्या प्रश्नाला बगल देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. वाडा टिकण्याजोगा आहे, असें आम्ही स्पष्ट सांगितलें; आणि तो टिकविण्याचा खर्च उचलणें कायद्यानें किंवा व्यवहारानें कोणालाच परवडत नाहीं, हेंही सांगितलें. मतें घेतलीं तेव्हां चार बिऱ्हाडें पाडण्याच्या बाजूनें निघालीं. त्यांत काकूही होत्या. जिना आतां त्यांच्या गुडघ्यांना सोसत नाहीं.

करार झाला, पण परवानग्या मिळेपर्यंत एक पावसाळा तेथेंच काढणें भाग होतें. म्हणून वैशाखांत, बहुधा शेवटची, शाकारणी झाली. वर्गणी सहाही घरांनीं दिली, मालकांनींही दिली. मेस्त्रींनीं खांबांना टेकू दिले व पन्हळ बसविली. उतरविलेलीं मिशनचीं कौलें घेण्यासाठीं एक जुन्या मालाचा व्यापारी आतांच आगाऊ रक्कम देऊन गेला आहे. तीं म्हणे कोठल्या तरी उपाहारगृहाच्या छपरावर जाणार आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत पहिली मोठी झड लागली, त्या रात्रीं दहा वाजतां काकूंचा फोन आला. स्वयंपाकघर कोरडें होतें. बालदी त्यांनीं आतां माजघरांत, फडताळाच्या डाव्या बाजूस ठेवली होती.